पाद्री जोसेफ वाझ : कँडीच्या राजाचा बंदिवान

आमच्या वाचकांपैकीं ज्यांचें घराणें मूळचें गोमंतकांतलें आहे त्यांच्या घरीं पाद्री जोसेफ वाझ हें नांव अपरिचित नसेल. इतरांस मात्र तें नवें वाटण्याचा संभव आहे. रायगडावर १६७४ सालीं राज्याभिषेक झाला हें शाळेंतील लहान मुलासही ठाऊक असतें. त्यानंतर दोनच वर्षांनीं, म्हणजे १६७६ सालीं, गोव्यांत एका पंचवीस वर्षांच्या तरुणास धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली, आणि पुढें त्यानें आपल्या आयुष्याचीं चोवीस वर्षें सिंहलद्वीपांत, म्हणजे आजच्या श्रीलंकेंत, घालविलीं. तेथील बहुसंख्य प्रजा बौद्ध, अंतर्भागांतील राजा बौद्ध, आणि किनाऱ्यावरचे सत्ताधीश ख्रिस्ती असूनही ह्या पाद्र्याच्या पंथाचे कट्टर वैरी. अशा कोंडींत सांपडलेल्या मूठभर ख्रिस्ती लोकांची ही हकीकत आहे. थोड्यांनीं पुष्कळांमध्यें कसें राहावें, हा प्रश्न कोणत्या ना कोणत्या रूपानें आपल्यापैकीं अनेकांच्या घरचाच आहे. म्हणून ती आम्ही येथें जरा विस्तारानें सांगणार आहों.

प्रथम त्या देशाची स्थिति पाहूं. पोर्तुगीज लोक सिंहलद्वीपाच्या किनाऱ्यास १५०५ सालीं लागले. दालचिनीचा व्यापार हा त्यांचा मुख्य हेतु. पण व्यापाऱ्यांमागून सैनिक आणि सैनिकांसमवेत धर्मोपदेशक असा क्रम लागला. कोट्टेचा राजा धर्मपाल १५५७ सालीं ख्रिस्ती झाला. किनाऱ्यावरील कोळी व इतर लोक हजारोंनीं बाप्तिस्मा घेते झाले. त्यांत मनापासून श्रद्धा ठेवणारे पुष्कळ होते, हें पुढें त्यांच्या वंशजांनीं सिद्ध केलें. परंतु त्याच काळांत पोर्तुगिजांच्या हातून विहार व देवळें पाडलीं गेलीं, विहारांच्या जमिनी हिसकावून घेतल्या गेल्या, हेंही आम्हीं लपवून ठेवणें बरें नव्हे. बौद्ध प्रजेच्या मनांत ख्रिस्ती धर्म आणि परक्यांची तरवार हीं दोन्हीं एकाच म्यानांत बसलीं, तीं अशीं.

कँडीच्या डोंगराळ राज्याचा राजा दुसरा राजसिंह यानें पोर्तुगिजांस घालवून देण्यासाठीं १६३८ सालीं डच लोकांशीं करार केला. डचांनीं १६५६ सालीं कोलंबो आणि १६५८ सालीं मन्नार व जाफना घेतलें. पोर्तुगीज गेले खरे. पण किनारा राजाच्या हातीं न येतां डचांच्याच खिशांत पडला. डच हे कॅल्व्हिनच्या मताचे प्रॉटेस्टंट. त्यांच्या दृष्टीनें कॅथॉलिक मनुष्य म्हणजे पोर्तुगिजांचा हस्तक. कॅथॉलिक धर्मगुरूस आश्रय देणाऱ्यास देहदंड, असा हुकूम १६५८ सालींच सुटला. चर्चें त्यांनीं आपल्या पंथाकडे घेतलीं. विवाह व वारसा ह्यांच्या कामीं डच चर्चच्या वहींत नांव असणें आवश्यक झालें, आणि मुलगा डच शाळेंत गेला नाहीं तर आईबापांस दंड पडूं लागला. परिणाम असा झाला कीं, हजारों कुटुंबें दिवसा डचांचीं आणि रात्रीं आपलीं, अशीं जगूं लागलीं. जवळजवळ तीस वर्षें त्यांस पाद्री मिळाला नाहीं. आजीनें नातवंडांस शिकविलेल्या प्रार्थना आणि पेटाऱ्याच्या तळाशीं दडविलेली जपमाळ, एवढाच काय तो त्यांचा धर्म उरला होता.

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजीं साष्टींतील बाणावली येथें आजोळीं झाला. वडिलांचें नांव क्रिस्तोव्हां वाझ व आईचें मारिया द मिरांदा. घराणें सांकवाळचें, ब्राह्मणकुळांतून ख्रिस्ती झालेलें. सांकवाळचें नांव घेतल्यावर एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्या गांवीं लक्ष्मीनरसिंहाचें देवालय होतें. पोर्तुगिजांनीं साष्टींतील देवळें पाडण्याचा सपाटा चालविला तेव्हां, १५६७ सालीं, भक्तांनीं देवाची मूर्ति नदीपार वेलिंग येथें नेली. ती आजही तेथें आहे. वाझ यांच्या जन्मापूर्वीं शंभर वर्षें देखील ह्या गोष्टीस झालीं नव्हतीं. गांवांतल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून ती त्यांच्या कानांवर आलीच असावी. राजाचा धर्म प्रजेवर कसा बसतो, हें ज्या गांवानें पाहिलें होतें त्या गांवचा हा मुलगा, ही गोष्ट पुढील हकीकत वाचतांना मनांत ठेवावी.

सांकवाळच्या शाळेंत ते पोर्तुगीज शिकले, बाणावलीस लॅटिन शिकले, आणि नंतर जुन्या गोव्यांत सेंट पॉल कॉलेजांत व डोमिनिकन लोकांच्या अकादमींत त्यांनीं पुढील अध्ययन केलें. दीक्षा मिळतांच त्यांनीं पायांतील जोडा टाकून दिला. गरिबांप्रमाणें अनवाणी चालावयाचें हा नेम त्यांनीं जो धरिला तो शेवटपर्यंत मोडला नाहीं. त्या वेळीं गोव्यांत एतद्देशीय पाद्र्यांची संख्या मोठी होती. पण युरोपीय संन्यासी मंडळें त्यांस आपल्यांत घेत नसत. वाझ यांस संन्यस्त जीवनाची ओढ, तर दारें बंद. त्यांनीं सांकवाळ येथें लॅटिन शिकविण्याची शाळा काढली. सिंहलद्वीपांतील पोरक्या झालेल्या ख्रिस्ती लोकांचे हाल कानीं येत होते. तेथें जाण्याची परवानगी त्यांनीं मागितली. ती न मिळतां १६८१ सालीं त्यांस कानडा प्रांतांत धाडण्यांत आलें. मंगळूर, बसरूर, गंगोळी ह्या बाजूस त्यांनीं तीन वर्षें काढलीं. तेथें गोव्याचे आर्चबिशप आणि रोमनें परस्पर नेमलेले अधिकारी यांच्यांत अधिकाराचा कज्जा पेटला होता. त्यांत ह्या नम्र मनुष्याची बरीच ओढाताण झाली. तो कज्जा आतां कोणास आठवत नाहीं, तेव्हां आपणही तो सोडून देऊं.

१६८४ सालीं ते गोव्यास परतले. त्या सुमारास कांहीं गोवेकर पाद्री जुन्या गोव्यांतील मिलाग्रिसच्या क्रुसाच्या चर्चपाशीं एकत्र राहूं लागले होते. वाझ त्यांस मिळाले, आणि २५ सप्टेंबर १६८५ रोजीं ऑरेटरी नांवाच्या मंडळाची तेथें रीतसर स्थापना झाली. ज्यांस दुसऱ्यांच्या घरांत जागा नव्हती त्यांनीं आपलें घर बांधिलें, असेंच म्हणा ना! वाझ यांस त्याचे प्रमुख निवडलें. परंतु वर्षाच्या आंतच तें पद खालीं ठेवून, १६८६ सालीं, ते दक्षिणेची वाट चालूं लागले.

प्रवास किनाऱ्यानें व बहुतेक पायीं झाला. कानडा, मलबार, कोचीन असें करीत ते तुतिकोरीनपर्यंत पोंचले. बरोबर जुआंव नांवाचा एक इमानी तरुण सेवक होता. वाटेंत ते तामिळ बोलावयास शिकले. झगा त्यांनीं काढून ठेविला होता. कमरेला पंचा, अंगावर फाटकें वस्त्र, असा हमालाचा वेष. येथें एक गंमत पाहण्यासारखी आहे. गोऱ्या पाद्र्यास हा वेष घेऊन डचांच्या पहाऱ्यांतून जातां आलें नसतें. तो दुरूनच ओळखला गेला असता. ज्या काळ्या रंगामुळें युरोपीय मंडळांचीं दारें बंद झालीं होतीं, त्याच रंगानें सिंहलद्वीपाचें दार उघडलें.

समुद्र ओलांडतांना वादळ झालें, अन्नपाणी संपलें, आणि १६८७ सालीं ते जाफन्यास पोंचले ते अतिसारानें अर्धमेले होऊन. सांथीच्या भयानें लोकांनीं त्यांस वस्तीबाहेर काढलें. कोणी एक बाई रोज पेज आणून देत असे, तिच्यामुळें ते वांचले, असें त्यांच्या चरित्रांत सांगतात. त्या बाईचें नांव इतिहासांत राहिलें नाहीं.

बरें वाटूं लागल्यावर पुढचा प्रश्न असा कीं, ह्या नगरांत कॅथॉलिक कोण हें ओळखावयाचें कसें? विचारण्याची सोय नाहीं. चुकीच्या दारांत विचारलें तर विचारणारा तुरुंगांत आणि सांगणारा फांसावर. वाझ यांनीं गळ्यांत जपमाळ घातली आणि दारोदार भीक मागावयास आरंभ केला. पुष्कळांस ती माळ म्हणजे गोसाव्याच्या गळ्यांतली एक माळ. त्यांनीं मूठभर तांदूळ दिले व दार लावलें. पण मधूनच एखाद्या दारांतील डोळे त्या माळेवर खिळत, हात थबकत. असे कांहीं दिवस गेल्यावर एका घरच्यांनीं धीर करून त्यांस आंत घेतलें, आणि तीस वर्षांचा उपास सुटला. रात्रीं दिवे झांकून मिस्सा होऊं लागली. जाफन्याजवळील सिल्लालै गांव तर बहुतेक कॅथॉलिकच होता; तेथें त्यांनीं मुक्काम ठेविला. आजूबाजूचे लोक काळोखांतून चालत येत, पापनिवेदन करीत, मुलांस बाप्तिस्मा देववीत, आणि उजाडण्यापूर्वीं आपआपल्या घरीं जात.

अशी गोष्ट किती दिवस लपणार? १६८९ सालच्या नाताळच्या रात्रीं डच शिपायांनीं प्रार्थनेस जमलेल्या लोकांवर झडप घातली. सुमारें २०० माणसें धरलीं गेलीं. वाझ मात्र निसटले. धरलेल्यांपैकीं बायकांस व इतरांस सोडून दिलें, पण प्रमुख आठ जणांस फटके मारून बंदींत टाकलें. दों पेद्रो नांवाचे गृहस्थ डच पंथ सोडून कॅथॉलिक झाले होते. ते त्या माराखालीं मेले. आम्हांस येथें थांबून विचार करावासा वाटतो. मारणाऱ्याच्या व मार खाणाऱ्याच्या हातीं शुभवर्तमानाचें पुस्तक एकच होतें, आणि ती रात्र दोघांच्याही प्रभूच्या जन्माची होती.

आतां जाफन्यांत राहणें म्हणजे यजमानांचा जीव धोक्यांत घालणें होतें. वाझ पुत्तलम् येथें गेले. तो मुलूख कँडीच्या राजाचा. कँडीच्या राज्यांत कॅथॉलिक लोक होतेच. डचांच्या जाचास कंटाळून किनाऱ्यावरून पळालेल्यांस दुसऱ्या राजसिंहानें डोंगरांत आसरा दिला होता. राजा बौद्ध, पण त्यानें त्यांच्या प्रार्थनेंत हात घातला नव्हता. १६८७ सालीं तो मरण पावला व त्याचा मुलगा दुसरा विमलधर्मसूर्य गादीवर आला. ह्या नव्या राजाच्या आश्रयानें राजधानींत राहावें, अशा उद्देशानें वाझ १६९२ सालीं कँडीकडे निघाले.

पण त्यांच्या आधींच त्यांचें नांव तेथें पोंचलें होतें. कँडीच्या दरबारीं लानरोल नांवाचा एक फ्रेंच मनुष्य होता. १६७२ सालीं फ्रेंचांचा वकील म्हणून आलेला, राजसिंहानें अडकवून ठेविलेला, आणि मग तेथलाच झालेला. तो प्रॉटेस्टंट. फ्रान्सच्या राजानें १६८५ सालीं प्रॉटेस्टंट लोकांचें धर्मस्वातंत्र्य काढून घेतलें होतें व तेथें त्यांचा छळ चालला होता, हें लक्षांत घेतलें म्हणजे कॅथॉलिक पाद्र्याविषयीं अशा मनुष्याच्या मनांत काय असेल हें सांगावयास नको. हा पाद्री नसून पोर्तुगिजांचा हेर आहे, असें त्यानें राजास कळविलें. युरोपांतील भांडण असें हजारों कोस समुद्र ओलांडून एका बौद्ध राजाच्या दरबारीं येऊन उभें राहिलें! राजानें वाझ यांस व त्यांच्याबरोबर आलेल्या मंडळींस कैद केलें.

ही कैद पुढें पुढें सौम्य झाली. पहिले दिवस कडक पहाऱ्यांत गेले. पण हा मनुष्य कांहीं मागत नाहीं, कोणास निरोप धाडीत नाहीं, दिवसभर प्रार्थना करितो आणि उरल्या वेळीं सिंहली अक्षरें गिरवितो, असें पहारेकऱ्यांनीं राजास सांगितलें असावें. हळूहळू आवारांत फिरण्याची मोकळीक मिळाली. तेथेंच त्यांनीं एक झोंपडी उभी करून वेदी मांडली. नगरांतील कॅथॉलिक भीत भीत जवळ येऊं लागले. कोणी हटकलें नाहीं. चाळिशी ओलांडलेल्या ह्या कैद्यानें तुरुंगांत बसून नवी भाषा आत्मसात केली. कोंकणी, पोर्तुगीज, लॅटिन, तामिळ, आणि आतां सिंहली. (दुसऱ्या भाषेचा तास आला कीं पोटदुखीची चिठ्ठी आणणाऱ्या आमच्या कांहीं मित्रांनीं हें वाक्य पुन्हा एकदां वाचावें.)

ह्यानंतर सांगतात ती पावसाची कथा. १६९३ सालीं कँडींत अवर्षण पडलें. प्रथम भिक्षूंनीं प्रार्थना केल्या, पाऊस आला नाहीं; तेव्हां राजानें ह्या कैद्यास प्रार्थना करण्यास सांगितलें. वाझ यांनीं चौकांत वेदी मांडून क्रूस उभा केला, गुडघे टेकले, आणि पाऊस कोसळला. इतकेंच नव्हे तर वेदीभोंवतीं मात्र थेंबही पडला नाहीं, अशी परंपरा आहे. श्रद्धावंतांनीं ती जशीच्या तशी मानिली आहे. आम्हांस त्या कथेंत जी गोष्ट विशेष वाटते ती निराळी. स्वतःच्या धर्मावर दृढ निष्ठा असलेल्या राजानें दुसऱ्या धर्माच्या एका बंदिवानास, आपल्या प्रजेसाठीं तूंही प्रार्थना कर, असें सांगावें, ह्यांतच सारें आलें. त्यानंतर राजानें वाझ यांस मोकळें केलें आणि राज्यांत कोठेंही जाऊन आपला धर्म पाळण्याची व शिकविण्याची मुभा दिली.

हा विमलधर्मसूर्य धर्माविषयीं उदासीन होता म्हणून उदार होता, असें कोणी समजूं नये. त्यानें दंतधातूसाठीं तीन मजली मंदिर बांधविलें, आणि सिंहलद्वीपांत भिक्षूंची दीक्षापरंपरा क्षीण झाली होती ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून १६९७ सालीं आराकान देशाहून भिक्षु आणविले. आपल्या धर्माची ज्यास एवढी काळजी, त्यानेंच परधर्मीयांस निर्भय केलें.

वाझ तेथून राज्यभर हिंडूं लागले, आणि वेष पालटून डचांच्या मुलुखांतही जाऊं लागले. कोलंबोंत ते रात्रीं शिरत व रात्रींच बाहेर पडत. एकट्याचें हें काम नव्हे. १६९६ सालीं गोव्याच्या ऑरेटरीहून मदतीस पाद्री आले. त्यांत जोसेफ कार्व्हाल्यो हे त्यांचे भाचे होते. आणि मग १६९७ सालीं तो प्रसंग आला, जो आमच्या मतें त्यांच्या सगळ्या चरित्राचा गाभा आहे.

कँडींत देवीची सांथ सुरू झाली. आज हा रोग जगांतून नाहींसा झाला आहे. १९८० सालीं तशी घोषणाच झाली. म्हणून त्याचें भय कसें होतें हें आजच्या मुलांस समजणार नाहीं, तें पणजोबांच्या आठवणींतच उरलें आहे. जेन्नरची लस निघावयास अजून जवळजवळ शंभर वर्षें अवकाश होता. औषध नाहीं, उपाय नाहीं. राजा व दरबारी मंडळी नगर सोडून गेली. ज्यांस जातां आलें ते सर्व गेले. ज्या घरांत फोड दिसले त्या घरच्यांनीं आपल्याच माणसास रानांत नेऊन ठेवावें, जवळ पाण्याचें भांडें ठेवावें, व मागें न पाहतां निघून यावें, अशी रीत पडली होती. ह्यांत निर्दयपणापेक्षां भीतीच अधिक होती. रानांत रात्रीं जनावरें येत.

वाझ व कार्व्हाल्यो गेले नाहींत. त्यांनीं रानांतील माणसांसाठीं झोंपड्या बांधिल्या, आणि नगरांतील ओस पडलेलीं घरें झाडून त्यांत रोग्यांस आणून ठेविलें. रोज फिरून पेज पाजणें, जखमा धुणें, कपडे बदलणें, आणि मेलेल्यास खड्डा खणून पुरणें, हें काम दोघांनीं व त्यांच्या जवळच्या कांहीं माणसांनीं महिनेन् महिने केलें. रोगी ख्रिस्ती कीं बौद्ध, कीं मुसलमान, हें पाहण्यास सवड नव्हती व इच्छाही नव्हती. ते वैद्य नव्हते. तथापि ज्यास कोणी पाणीही देत नाहीं अशा रोग्यास वेळेवर पाणी, पेज आणि छप्पर मिळालें तर त्यांतले कित्येक केवळ तेवढ्यानेंच वांचतात, ही गोष्ट त्यांच्या पदरीं पडली. रोगांतून उठलेल्यांपैकीं कांहींजण मग स्वतःच दुसऱ्यांची शुश्रूषा करूं लागले. राजानें परत आल्यावर हें सर्व ऐकिलें, आणि ह्या मनुष्याविषयीं जी कांहीं शंका त्याच्या मनांत उरली होती ती गेली. पोर्तुगिजांनीं दीडशें वर्षांत जें बिघडविलें होतें, त्यांतलें थोडेंसें त्या वर्षीं पेजेच्या वाटींनें सांधलें.

सर्व गोड झालें असें मात्र नाहीं. दरबारांतील व विहारांतील कांहींजणांस ह्या पाहुण्यांचा वाढता मान खुपूं लागला. भिक्षूंच्या आग्रहावरून कार्व्हाल्यो यांस मध्यंतरीं कँडी सोडावी लागली. आम्ही भिक्षूंस फारसा दोष देऊं इच्छीत नाहीं. पूर्वींचा अनुभव त्यांच्या गांठीं होता. आणि राजा खुद्द वाझ यांस कांहीं बोलला नाहीं. नवें चर्च त्यांनीं पुरें केलें.

त्यांच्या कामाची रीत फार साधी होती. पाद्री थोडे, गांवें दूर दूर, मध्यें जंगल; तेव्हां प्रत्येक वस्तींत त्यांनीं तेथलाच एखादा विश्वासू गृहस्थ नेमला. त्यास तामिळ शब्दानें अण्णावी म्हणत. पाद्री नसतांना रविवारीं प्रार्थना चालविणें, मुलांस शिकविणें, अडल्या वेळीं बाप्तिस्मा देणें, मरणाऱ्यापाशीं बसणें, हीं त्याचीं कामें. प्रार्थना लॅटिनमध्यें घोकण्याऐवजीं तामिळ व सिंहली भाषांत लिहून दिल्या. ताडपत्रावर उतरलेलीं हीं पुस्तकें हातोहात फिरत. सत्तेचा आधार सुटल्यावरही समाज टिकतो तो अशा अण्णावींच्या बळावर. किल्ल्यांच्या बळावर उभीं राहिलेलीं चर्चें किल्ल्यांबरोबर गेलीं होतीं.

१७०५ सालीं दिवाडी बेटावरचे जाकोम गोन्साल्विस तेथें आले. विद्वत्तेंत ते वाझ यांच्याही पुढचे. सिंहली व तामिळ भाषांत त्यांनीं इतके ग्रंथ लिहिले कीं, सिंहली कॅथॉलिक वाङ्मयाचे जनक म्हणून त्यांचें नांव घेतात. गोव्याच्या मुलानें सिंहली भाषेस इतकें द्यावें ह्याचा आपणांस अभिमान वाटणें साहजिक आहे. परंतु त्या ग्रंथांत बौद्ध मतावर तिखट टीका करणारेही कांहीं ग्रंथ होते, आणि त्यांचीं फळें कशीं आलीं हें पुढें दिसेल.

पोपचे प्रतिनिधि तुर्नों हे १७०३ सालीं पांडिचेरीस उतरले. वाझ यांची कीर्ति ऐकून त्यांस बिशप करावें असें त्यांच्या मनांत आलें. वाझ यांनीं नम्रपणें नाहीं म्हटलें. १७०७ सालीं विमलधर्मसूर्य वारला. त्याचा मुलगा नरेंद्रसिंह यानें पित्याचा स्नेह पुढें चालविला, किंबहुना वाढविला. पण वाझ यांचें शरीर आतां थकलें होतें. पंचवीस वर्षें अनवाणी, उपाशी, ओल्या रानांतून हिंडलेलें तें शरीर. शेवटले महिने त्यांस उठवत नसे. १६ जानेवारी १७११ रोजीं कँडींत त्यांचा अंत झाला, वय ५९. त्या वेळीं बेटांत सुमारें ७०,००० कॅथॉलिक होते असें सांगतात. त्यांच्यापाठीमागें पोर्तुगालचें सैन्य नव्हतें, आणि पाद्री सर्व गोव्याचे, म्हणजे आशिया खंडांतलेच होते.

येथें कथा संपवितां आली असती. परंतु ती अर्धवट झाली असती. ह्या समाजाचें सगळें सुख एका माणसाच्या, म्हणजे राजाच्या, मर्जीवर टांगलेलें होतें. १७३९ सालीं नरेंद्रसिंह वारला आणि मदुरेच्या नायक्कर घराण्यांतील विजयराजसिंह गादीवर आला. नव्या राजास बौद्ध प्रजेचें व भिक्षूंचें मन राखणें अगत्याचें होतें. बौद्ध धर्मावर टीका करणाऱ्या त्या ग्रंथांचें निमित्त त्यांच्या हातीं सांपडलें. १७४५ च्या सुमारास पाद्र्यांस राज्यांतून घालविलें, चर्चें पाडलीं, आणि लोक वन्नीच्या जंगलाकडे पळाले. एका बाजूस डच, दुसऱ्या बाजूस रुष्ट झालेला राजा. ज्या शब्दांनीं आपणांस आपली बाजू बळकट केल्यासारखें वाटतें, तेच शब्द शेजाऱ्याच्या मनांत कोठें जाऊन रुततात, ह्याचा त्या विद्वान ग्रंथकारांस अंदाज आला नसावा. वाझ स्वतः ह्या मार्गानें गेले नव्हते. तरीही अण्णावी गांवोगांव होते. त्यांनीं पुन्हा दिवे झांकून प्रार्थना चालविल्या. डच १७९६ सालीं गेले, आणि १८०६ सालीं इंग्रजांच्या अमलांत कॅथॉलिकांवरील जुने निर्बंध कायद्यानें उठले.

श्रीलंकेच्या २०१२ सालच्या शिरगणतींत शंभरांत सत्तर लोक बौद्ध व सात ते आठ ख्रिस्ती भरले. २१ जानेवारी १९९५ रोजीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं कोलंबोंत वाझ यांस धन्य म्हणून घोषित केलें. त्या भेटीच्या वेळीं बौद्ध पुढाऱ्यांनीं सर्वधर्मीयांच्या सभेवर बहिष्कार घातला. पोपच्या एका पुस्तकांतील बौद्ध धर्माविषयींचे उद्गार त्यांस लागले होते. अडीचशें वर्षांनंतरही प्रश्न तोच! वीस वर्षांनीं, १४ जानेवारी २०१५ रोजीं, पोप फ्रान्सिस यांनीं कोलंबोच्या समुद्रकिनाऱ्यावरील मैदानांत लाखों लोकांसमोर त्यांस संतपद दिलें. त्याच दिवशीं, कार्यक्रमांत नसतांही, ते नगरांतील एका बौद्ध विहारांत गेले. जेथें हा मनुष्य रात्रीं हमालाच्या वेषानें शिरत असे, तें हेंच नगर.

कँडींतील त्यांच्या चर्चचा एक दगडही जागेवर राहिला नाहीं. त्यांस त्या चर्चमध्येंच पुरलें होतें. पण ती जागा नेमकी कोणती, हें आज कोणास दाखवितां येत नाहीं.